लालपरीतून आगगाडीत: कळंब तालुक्याने पाहिलेला दुसरा भाग

[दृश्य: कळंबचं चिंतामणी मंदिर. पायऱ्या उतरणारी माणसं.]

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबला देवापुढे जायचं तर पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. समोर कुंड, आणि कुंडाचं पाणी चढत चढत गणपतीच्या पायाला लागलं की पंचक्रोशीत बातमी होते. या भागात नवस ही घरचीच गोष्ट. कोणी नोकरीसाठी बोलतं, कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी. फेडायचा राहून गेला तर घरातलं म्हातारं माणूस कोणाला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून २००४ साली सचिन पिळगावकरांचा ‘नवरा माझा नवसाचा’ आला, तेव्हा त्याची गोष्ट इथे कोणाला समजावून सांगावी लागली नाही. बापाने बोललेला नवस राहून जातो, पोरगा मोठा होतो, संसाराला लागतो आणि आता तो त्यालाच फेडावा लागतो. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एस.टी., तिच्यात नाना तऱ्हेची माणसं, आणि कंडक्टर अशोक सराफ.

[दृश्य: गावातला चौक, गणपतीचा मांडव.]

तालुक्यातल्या या गावात तो थेटरात पाहिलेली माणसं फार नाहीत. गावाने तो टीव्हीवर पाहिला, भाड्याच्या सीडीवर पाहिला, मंडळाच्या मांडवात पांढऱ्या चादरीवर पाहिला. इतक्यांदा, की पुढचा संवाद आधी मांडवातून येतो आणि मग पडद्यावरून. पोरं शाळेत गेली, शिकली, लग्न होऊन बाहेरगावी गेली, आणि दिवाळीला घरी आली की तोच पिक्चर पुन्हा लागला.

दुसरा भाग आला २० सप्टेंबर २०२४ ला, शुक्रवारी. अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते. महालक्ष्म्या उठल्या होत्या, पोळा तर महिन्याच्या सुरुवातीलाच झाला होता. नेमका तो राष्ट्रीय सिनेमा दिवस, देशभरात चार हजारांवर पडद्यांवर तिकीट ९९ रुपये. पण ९९ रुपयांचा शुक्रवार गावाच्या उपयोगाचा नव्हता. सोयाबीन शेंगांवर, कपाशीत निंदण, त्या दिवसांत मजुरी बुडवून पिक्चरला कोण जाईल? गाव निघालं ते बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते.

आणि निघालं म्हणजे मुख्यतः बाया निघाल्या. हे नीट पाहण्यासारखं आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धं तिकीट आहे, आणि त्याच्या आधीपासून, ऑगस्ट २०२२ पासून, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. सिनेमाचा धंदा मोजणारे पोस्टर, गाणी, नट मोजतात. या गावातून सासू, सून आणि शेजारीण अशा तिघी मिळून यवतमाळला गेल्या, त्यात त्या अर्ध्या तिकिटाचा वाटा पोस्टरपेक्षा मोठा आहे, असं आम्ही ठामपणे म्हणू.

[दृश्य: एस.टी.च्या खिडकीतून मागे जाणारी शेतं. बायांचे आवाज.]

खरी प्रतिक्रिया थेटरात मिळत नाही. थेटरात माणूस हसतो किंवा गप्प राहतो, एवढंच. बोलणं सुटतं ते परतीच्या गाडीत. खिडकीजवळ बसलेल्या आजीने, जिचं तिकीट फाडायचंच नव्हतं, पहिला विषय काढला तो अशोक सराफांचा. ४ जून १९४७ चा जन्म, म्हणजे पिक्चर आला तेव्हा सत्याहत्तर पूर्ण. आजी म्हणाली, “माह्याहून दोन वर्सं मोठा हाये थो. अन् कसा चालते, पाह्यलं काय?” तिला गोष्टीतले खाचखळगे काढायचेच नव्हते. वीस वर्षांपूर्वीचं माणूस अजून धडधाकट आहे, हे डोळ्यांनी पाहायला ती गेली होती.

मग तिने एकेकाची हजेरी घेतली. कोण दिसलं, कोण नाही. पहिल्या भागातले प्रदीप पटवर्धन २०२२ मध्ये गेले, हे तिला सुनेने गाडीतच सांगितलं. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सांगाले पायजे होतं ना बाप्पा कोनी.” नात्यातल्या माणसाची बातमी उशिरा कळावी तसं तिला झालं.

सुनेचं मत वेगळं होतं. तिला दुसऱ्या भागातली लेक आणि जावई आवडले. पहिल्या भागात नवरा-बायको तरणे होते, तेव्हा ती स्वतः शाळेत होती. आता तिच्या घरात लेक मोठी होते आहे. नवस एका पिढीवरून दुसऱ्या पिढीवर कसा उतरतो, ते तिला यावेळी जास्त जवळचं वाटलं. सासूला जुनी माणसं हवी होती, सुनेला पुढची. एकाच बाकावर दोघींचा पिक्चर वेगळा झाला होता, आणि दोघीही आपल्या जागी बरोबर होत्या.

[दृश्य: निवृत्त कंडक्टर. हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा.]

गावातली सगळ्यात बारीक नजर मात्र यांची. उभी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून काढली. मशीन येण्याआधीचा काळ, तिकिटांचा ट्रे, चामडी बॅग आणि हा चिमटा. चिमटा दांडीवर कसा वाजवला की गर्दी आत सरकते, ते त्यांनी आम्हाला करून दाखवलं. पहिल्या भागातले अशोक सराफ त्यांना खरे वाटले होते, कारण कंडक्टर गाडीत घरच्यासारखा वावरतो.

दुसऱ्या भागात गाडी बदलली. एस.टी.च्या जागी कोकण रेल्वे, आणि अशोक सराफ कंडक्टरचे झाले टीसी. काकांचं दुखणं तिथेच आहे. “टीसी येते, तिकीट पाह्यते अन् पुढच्या डब्यात जाते. कंडक्टरले मुक्काम असते.” मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या प्रेक्षकाला सांगावं लागेल. रात्री शेवटची एस.टी. गावात येऊन थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात, पहाटे तीच गाडी परत निघते. कोणाची सून माहेराहून यायची राहिली, कोणाच्या घरी दुखणाईत आहे, हे त्या कंडक्टरला ठाऊक असतं. पहिल्या पिक्चरमधली गंमत त्या एका बंद डब्यातल्या माणसांच्या ओळखीतून उभी राहिली होती. आगगाडीत डबे जास्त, माणसं पांगतात. सिनेमाबद्दल यापेक्षा अचूक बोलणं आम्ही या सगळ्या चित्रीकरणात ऐकलं नाही.

[दृश्य: कळंब रेल्वे स्थानक. फलाटावर पोरं.]

पोरांना मात्र रेल्वेच आवडली, आणि त्यालाही कारण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. यवतमाळची शकुंतला, ती अरुंद रुळांवरची छोटी आगगाडी, आजोबांच्या गोष्टीत राहिलेली, आणि आता तालुक्याच्या गावी मोठी गाडी उभी राहते. त्याच वर्षी पडद्यावरचं कुटुंबही एस.टी.तून उतरून रेल्वेत बसलं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “थे आपल्यासारकेच बदलले.”

तिसरा भाग काढला तर? हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता, तो पारावर आपोआप निघाला. आजीचं म्हणणं, गणपतीपुळे दोनदा झालं, आता त्या कुटुंबाने कळंबच्या चिंतामणीला नवस बोलावा. मुलगी म्हणाली, मग वर्ध्याहून रेल्वेने यावं. कंडक्टर काकांनी हात वर केला. वर्ध्यापर्यंत कसेही या, म्हणाले, पण तिथून पुढं लाल गाडी पाहिजे, अन् ते मुक्कामी पाहिजे.