ईसीजी नॉर्मल

सकाळचे ८ वाजून ४० मिनिटं. ठाणे सुटलंय. ही फास्ट लोकल आता थेट घाटकोपरला थांबणार. डब्यात मधोमध, चारी बाजूंनी चेपून उभ्या असलेल्या एकाच्या छातीत अचानक धस्स होतं. काळीज धडधडतं, तळव्यांना घाम, बोटांना मुंग्या. हवा पुरेना. आपण आता जाणार, एवढंच डोक्यात.

तासाभरानं दवाखान्यात कागदाची पट्टी हातात येते. ईसीजी नॉर्मल. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. "काही झालेलं नाही रे, गॅस असेल."

पण झालेलं असतं. मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डालानं धोक्याची घंटा वाजवली. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी अ‍ॅड्रेनलिन सोडलं. जास्तीचं रक्त निघालं हातापायांच्या स्नायूंकडे; पचन मागे पडलं, म्हणून पोटात गोळा. श्वास इतका भरभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला, त्याच्या त्या मुंग्या. समोर वाघ असता तर ही सगळी तयारी कामी आली असती. हा पॅनिक अटॅक. साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो, मग ओसरतो. (छातीत दुखलं तर ईसीजी मात्र काढायचाच. घरबसल्या निदान नको.)

अमेरिकेच्या यादवी युद्धात डॉ. जेकब दा कोस्टा यांच्यासमोर असेच सैनिक यायचे. धडधड, धाप, छातीत कळ. आणि बऱ्याच जणांच्या हृदयात दोष काही सापडेना. १८७१ साली त्यांनी अशा ३०० जणांवर लिहिलं. नाव दिलं, 'चिडकं हृदय'.

आपला माणूस आता स्लो लोकल पकडतो, तीही दाराशी जागा मिळाली तर. मग पहाटे साडेपाचची, रिकामी गाडी. मग मित्राच्या लग्नाला कर्जतला जायचं राहतं. गाडी टाळली की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं, आणि गोम तिथेच आहे: मेंदू शिकतो, की वाचलो ते टाळलं म्हणून. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. घरी म्हणतात, हल्ली फार आळशी झालाय.

उपचार याच्या उलट चालतो. समुपदेशकाच्या मदतीनं आधी नुसतं फलाटावर उभं राहायचं. मग एकच स्टेशन. काहींना गोळ्याही लागतात. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

आज तो ठाण्याला स्लो लोकलमध्ये चढलाय. मुलुंडला उतरायचं ठरलं होतं. मुलुंड येतं. काळीज धडधडतंय. तो दांडी घट्ट धरून उभा राहतो.

पुढील स्टेशन, नाहूर.