खडकातून जन्मलेला देव

मंडळी, नाताळ जवळ आला की एक यादी फोनवर फिरू लागते. कृष्ण, रोमनांचा मिथ्रा, मिसरचा म्हणजे इजिप्तचा होरस, ग्रीकांचा डायोनायसस. सगळे २५ डिसेंबरला जन्मले, सगळ्यांच्या आया कुमारी, सगळ्यांना बारा शिष्य, सगळे मेले आणि तिसऱ्या दिवशी उठले. खाली निष्कर्ष असतो, की येशूची कथा उसनी आहे. एका विद्यार्थ्याने ही यादी मला पाठवली आणि विचारलं, "सर, यात खरं किती?" चार ओळींत उत्तर देता येईना, म्हणून आज हा विषय घेतला.

यादीत कृष्णाचं नाव आहे, याचा आपल्याला मोठा उपयोग आहे. बाकीचे देव परके, पण कृष्ण घरचा. त्याची जन्मतिथी कुणाला विचारायला नको: श्रावण वद्य अष्टमी, मध्यरात्र. तो देवकीचा आठवा. आधीची सहा कंसाने मारली, सातवा बलराम. मग आई कुमारी कशी? शेवटही आपण लहानपणापासून ऐकलेला आहे. प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाचा बाण पायात लागला आणि अवतार संपला. त्यात क्रूस कुठेच नाही. तरीही कर्सी ग्रेव्हज नावाच्या अमेरिकन लेखकाने १८७५ साली क्रूसावर गेलेल्या सोळा तारणहारांचं पुस्तक छापलं, त्यात कृष्णाला बसवलं. मला याचा राग येतो, आणि तो दोघांच्या वतीने येतो. येशूच्या मापात बसवण्यासाठी कृष्णाचं सगळं चरित्र छाटायचं आणि त्याच कात्रीने येशूला खोटं ठरवायचं, यात अभ्यास कुठे आहे? ज्या देवाची कथा आपल्याला पाठ आहे तिथे यादी इतकी चुकते, तर जिथे पाठ नाही तिथे तिच्यावर विसंबायचं कसं?

होरसचं थोडक्यात सांगतो. त्याची आई इसिस ही ओसायरिसची बायको. मारल्या गेलेल्या नवऱ्यापासून तिला हे मूल झालं, अशी मिसरची कथा आहे. विधवेचा मुलगा तो, कुमारीचा नव्हे.

खरा विचार करायचा तो मिथ्राचा, कारण तो ख्रिस्ती लोकांचा शेजारीच होता. रोमन साम्राज्यात त्याच्या भक्तांचा एक पंथ होता, पण या पंथाने स्वतः लिहिलेला धर्मग्रंथ आपल्या हाती नाही. हाती आहेत शिल्पं, भित्तिचित्रं, शिलालेख आणि परक्यांनी लिहिलेली टिपणं. शिल्पांत मिथ्रा खडकातून वर येताना दिसतो, जन्मतःच तरुण, एका हातात सुरा, दुसऱ्या हातात मशाल. आई कुमारी आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आई म्हणजे तो पाषाण. बारा शिष्यही नाहीत. या पंथाच्या मुख्य शिल्पात मिथ्रा बैल मारताना दिसतो; त्याच्याभोवती काही ठिकाणी बारा राशी कोरलेल्या असतात, त्यांनाच कुणीतरी शिष्य करून टाकलं. नाव मात्र आपल्या ओळखीचं आहे. वेदातला मित्र आणि इराणचा मिथ्र हे एकाच मुळाचे. इसवीसनापूर्वी चौदाव्या शतकात हित्ती आणि मितन्नी या आजच्या तुर्कस्तान-सीरियाकडच्या राज्यांच्या राजांच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य साक्षीला बोलावले आहेत. पण बैल मारणारा मित्र ना ऋग्वेदात आहे ना पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात. नाव प्रवासाला निघालं आणि कथा वाटेत नवी झाली.

आता २५ डिसेंबर. मिथ्राचा जन्म त्या दिवशी साजरा होत असे याला प्राचीन पुरावा नाही. पुरावा आहे तो 'अजिंक्य सूर्या'चा. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये या सूर्यदेवाचं मंदिर उभारलं. मिथ्रालाही 'अजिंक्य सूर्य' म्हणत, गोंधळ तिथून झाला असावा. रोममधल्या ३५४ सालच्या एका कालनिर्णयात २५ डिसेंबरपुढे 'अजिंक्याचा जन्म, रथांच्या तीस शर्यती' असं लिहिलं आहे, आणि त्याच हस्तलिखिताच्या दुसऱ्या यादीत त्याच दिवशी बेथलेहेमात ख्रिस्त जन्मल्याची नोंद आहे. कुणी कुणाकडून घेतलं? काही अभ्यासक म्हणतात, चर्चने सूर्याचा सण आपलासा केला. दुसरे म्हणतात, येशूचा मृत्यू आणि मरियेच्या उदरातला प्रवेश दोन्ही २५ मार्चला धरून नऊ महिने मोजले. मला दुसरं मत अधिक पटतं, पण वाद मिटलेला नाही.

मग साम्य नाहीच का? आहे, आणि ते आधी ख्रिस्ती माणसानेच सांगितलं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी मारला गेलेला, ख्रिस्ती लेखक जस्टिन रोमन सम्राटाला उद्देशून लिहितो: आमचा ख्रिस्त मेला, उठला, स्वर्गात गेला असं आम्ही म्हणतो तेव्हा तुम्ही तुमच्या देवराज ज्युपिटरच्या पुत्रांबद्दल जे मानता त्याहून काही नवीन सांगत नाही. छळ होत असलेल्या माणसाचा हा युक्तिवाद आहे. तुमच्याच घरात असल्या कथा आहेत, तर आम्हालाच का मारता? पुढे तोच मिथ्राच्या दीक्षेत भाकर आणि पाण्याचा पेला ठेवतात हे सांगतो. प्रभुभोजनाशी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीशी, असलेलं साम्य त्याला खुपतं, आणि दुष्टात्म्यांनी आमची नक्कल केली असा खुलासा तो करतो. खुलासा मानू नका, पण निरीक्षण मोलाचं आहे. भाकर मोडून एकत्र जेवणं ही तेव्हा सगळ्यांचीच रीत होती. एका गल्लीत राहणाऱ्या दोन पंथांनी तीच रीत आपापल्या देवापुढे ठेवली, तर चोर कोण हे शोधायची गरज मला वाटत नाही.

रोमला गेलात तर सान क्लेमेंते चर्च जरूर पाहा. वरचं चर्च बाराव्या शतकातलं. जिना उतरलात की चौथ्या शतकातलं चर्च लागतं. आणखी खाली उतरलात की अरुंद, कमानीच्या छताची खोली येते, दोन्ही बाजूंना जेवायला बसायचे दगडी ओटे, मध्ये बैल मारणाऱ्या मिथ्राची वेदी. शेजारून वाहत्या पाण्याचा आवाज येतो.