हिशेब जुळला, पाण्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

मार्चअखेर संपली की ग्रामपंचायतीच्या दप्तराला जरा उसंत मिळते. पण गावाचं काम तिथून सुरू होतं. १९५८ च्या आपल्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम ८ सांगतं, की आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत वर्षाची पहिली ग्रामसभा घ्यायची. म्हणजे मे संपायच्या आत. आणि त्या सभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च ठेवायचा, कारभाराचा अहवाल ठेवायचा, यंदाची कामं मांडायची, आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचं टिपण त्याच्या उत्तरांसकट ठेवायचं. हे शेवटचं पुन्हा सांगते, कारण तेच सहसा कपाटात राहतं. लेखापरीक्षणाचं टिपण. ते सभेपुढे आलं पाहिजे, आणि माझं आग्रहाचं म्हणणं आहे की ते मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे.

हे लेखापरीक्षण करतं कोण? आपण ज्याला लोकल फंड ऑडिट म्हणतो ते, म्हणजे स्थानिक निधी लेखापरीक्षा. त्याचा कायदा १९३० चा. लेखापरीक्षक रोकडवही बघतात, पावतीपुस्तकं बघतात, बिलं, साठा नोंदवही, कामाची मोजमाप पुस्तिका बघतात. जुळलं नाही तर आक्षेप काढतात, आणि पंचायतीनं त्याचं अनुपालन, म्हणजे चूक कशी दुरुस्त केली त्याचं लेखी उत्तर, द्यायचं असतं. त्याच्या वर विधिमंडळाची पंचायत राज समिती आहे. ती जिल्ह्यात येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत जुन्या फायली शोधायला रात्री जागतात. जागायलाच हव्यात. लोकांचे पैसे आहेत.

आता एक प्रसंग सांगते. तो सांगायचा म्हणूनच आज हा विषय घेतला.

सोलापूर जिल्ह्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, कारण ती माणसं भली आहेत. मी ध्वनिमुद्रणासाठी गेले होते. मारुतीच्या देवळापुढे मांडव, सतरंज्या, एका अंगाला बायका. सभा अकराची, सुरू झाली साडेबाराला, कारण आधी सत्कार झाले. शाल, श्रीफळ, फेटा, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा सत्कार. मला हे फार खुपतं. सत्कार वेगळ्या दिवशी करा ना! दुपार झाली की बायका उठतात, त्यांना चूल बोलावते, आणि हिशेबाच्या वेळी निम्मी सतरंजी रिकामी असते.

तर, ग्रामसेवक जमाखर्च वाचत होते. आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ते भाऊसाहेबच. दिवाबत्ती इतके, गटार सफाई इतके, पाणीपुरवठा वीजबिल इतकं, टीसीएल पावडर, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, तिची खरेदी इतकी. पुढची ओळ सुरू झाली, तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "भाऊसाहेब, ते पावडरीचं परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. साठीच्या पुढची एक बाई उभी राहिली. पदर सावरून म्हणाली, "मी रोज पहाटं पाणी भरते. पावडर पडली की पाण्याला वास येतो. हंड्याला येतो, भाताला बी येतो. आमच्या आळीच्या नळाला दिवाळीपासनं वास नाही. मग ही पावडर गेली कुठं?"

सभेत कुजबुज सुरू झाली. सरपंच म्हणाले, "मावशी, बिल आहे, पावती आहे. ऑडिट झालंय, या खरेदीवर एकसुद्धा आक्षेप नाही." आणि ते खरं होतं. मी स्वतः नोंदवही पाहिली. किती गोण्या आल्या, कधी आल्या, कुणी ताब्यात घेतल्या, सगळं सुवाच्य अक्षरात. मावशी म्हणाल्या, "बिल हाय त्ये दिसतंय की. वास कुठं हाय ते दाखवा."

पाणी सोडणाऱ्या गड्याला बोलावलं. तरुण पोरगा, रडवेला झाला. "मी रोज टाकतो. देवाशपथ टाकतो." सभेला उपकेंद्राचे आरोग्य सेवक आले होते. त्यांनी पिशवीतून ओटी टेस्टची नळी काढली. तुम्हाला माहीत आहेच, नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं. देवळामागच्याच नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले. नळी हातोहात फिरली. पाणी जसंच्या तसं. पिवळेपणाचा मागमूस नाही.

मग निम्मी सभा उठून पंचायतीच्या मागच्या खोलीकडे गेली. तिथं गोण्या होत्या! पोत्याची तोंडं उघडी, मागची भिंत ओलसर, आणि पावडरीचे ढेकळासारखे गोळे झालेले. आरोग्य सेवकांनी एक गोळा हातात फोडला, नाकाशी नेला आणि मान हलवली. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या हवेत, ओलीत ठेवली की तो उडून जातो. मागे उरतो चुना. पोरगा रोज टाकत होता तो चुनाच.

म्हणजे बघा. पैसे कुणी खाल्ले नव्हते. पावडर आली होती. गडी रोज टाकत होता. बिल खरं, पावती खरी, नोंदवही खरी, ऑडिट खरं. आणि गाव कित्येक महिने निर्जंतुक न केलेलं पाणी पीत होतं. लेखापरीक्षकाला हे दिसणार कसं? त्याच्यापुढे रोकडवही असते, हंडा नसतो. खर्च झाला की नाही, हे कागद सांगतो. सेवा मिळाली की नाही, हे ती वापरणारंच माणूस सांगू शकतं. पुन्हा म्हणते, खर्चाची तपासणी कागदावर होते, सेवेची तपासणी नळावर होते. आणि दोन्ही एकाच सभेत, एकाच ओळीवर व्हायला पाहिजेत.

त्या सभेनं तिथल्या तिथं ठराव केला. वर्षाची पावडर एकदम घ्यायची नाही, तीन-तीन महिन्यांची घ्यायची. झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात, कोरड्या जागी ठेवायची. आणि ओटी टेस्ट रोज, शेवटच्या नळाला, बचतगटाच्या बायकांनी करायची, निकाल पंचायतीच्या फळ्यावर लिहायचा. त्या पोराला कुणी बोललं नाही. सरपंचांनी मावशींना पुढे बोलावून ठरावाचं सूचक म्हणून त्यांचं नाव घातलं. या सरपंचांचं मला कौतुक वाटलं. चिडायला पुष्कळ वाव होता, चिडले नाहीत.

शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडक्यात. महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक असतो, तो आपला अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो, आणि समितीतले नगरसेवक प्रशासनाला जाब विचारतात. मुंबईत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. खर्चाचा प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकाच खुर्चीत. माणूस कितीही सचोटीचा असो, ही व्यवस्था मला मान्य नाही. भाताला वास येत नाही म्हणून उभं राहणारं तिथं कुणी नसतं.

तर गावच्या श्रोत्यांनो, या महिन्यातली सभा चुकवू नका. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अटच नसते. मग मूठभर माणसं बसून वर्षाचा हिशेब मंजूर करतात. जाताना जमाखर्चातली तुमच्या रोजच्या वापरातली एकच बाब निवडून जा. दिवाबत्ती, पाणी, गटार, अंगणवाडी, काहीही. ती ओळ आली की म्हणा, परत वाचा. आरोग्य सेवकांना आधी निरोप द्या, ओटीची नळी घेऊनच या म्हणून. आणि लेखापरीक्षणाचं टिपण मागा. नाही मिळालं, तर मागितलं होतं एवढं तरी इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी ते लिहिलंय का ते वाचून बघा.

घरपट्टीच्या आकारणीबद्दल बरीच पत्रं आली आहेत. नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, तिचा उतारा कसा वाचायचा, ते पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.