जुने ट्रक आणि त्यांची माणसं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाला गर्दी का होते, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोटार हौसेनं घेतली जाते, हौसेनं पुसली जाते, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी तितक्याच हौसेनं ती पुन्हा उभी करतो. ट्रक कर्ज काढून घेतात आणि हप्ते फिटेपर्यंत राबवतात, फिटल्यावर आणखी राबवतात. मग असल्या राबलेल्या यंत्राच्या नादी माणसं लागतात तरी का? सुट्टीच्या दिवशी शेकडो मैल हाकत, कानठळ्या बसवून घेत, एका मैदानात ट्रक उभे करायला येतात, ते कशासाठी? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. हे ट्रक चालवायची, दुरुस्त करायची आणि ओळखायची जी विद्या आहे, ती कागदावर फार थोडी उतरली आहे. बाकीची माणसांच्या हातात आणि कानात आहे. मेळावा भरतो तो ती विद्या एकाकडून दुसऱ्याकडे जावी म्हणून. चकचकीत रंग हे निमित्त.

आधी हे पाहू, की जुना ट्रक मुळात उरतो कसा. ट्रकच्या आयुष्याला उतरंड असते. पहिली काही वर्षं लांबचा माल. मग दुसरा मालक, जवळच्या खेपा. मग खडीची खाण, नाहीतर शेतावरचं सुगीचं धान्य. एखाद्याच्या पाठीवर क्रेन बसते आणि तो बंद पडलेल्या गाड्या ओढत हिंडतो. शेवटी भंगार. या उतरंडीतून सुटतात ते मुख्यतः अग्निशमन दलाचे ट्रक. छपराखाली उभे, नेमानं इंजिन चालू केलेलं, आणि मैल मात्र मोजकेच. म्हणून कुठल्याही प्रदर्शनात बंबांची संख्या अवास्तव दिसते. पाहुण्यांना वाटतं, त्या काळी आगी फार लागत असाव्यात! उलट जे साधे मालवाहू ट्रक हजारोंनी रस्त्यावर होते, तेच दुर्मीळ. अमेरिकेतल्या मॅक कंपनीनं १९५३ ते १९६६ या काळात ‘बी’ मालिकेचे सव्वा लाखाहून जास्त ट्रक बनवले, म्हणून आज त्यातले थोडेफार तरी दिसतात. ज्यांचं उत्पादन काही शेकड्यांवर थांबलं, त्यांचा एखादा सांगाडा झुडपात सापडला तरी मंडळी धावत सुटतात.

संघटना तशा जुन्या आहेत. ब्रिटनमधली हिस्टॉरिक कमर्शियल व्हेइकल सोसायटी १९५८ची, अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी १९७१ची. ब्रिटिश मंडळींची लंडन ते ब्रायटन ही वार्षिक फेरी साठच्या दशकापासून चालू आहे आणि तिची गंमत अशी, की ट्रकनं स्वतःच्या चाकांवर समुद्रापर्यंत पोचायचं. दुसऱ्या वाहनावर लादून आणलेला ट्रक कितीही देखणा असो, जाणकार त्याच्याभोवती एक चक्कर मारतात आणि पुढे सरकतात. स्वतः चालत आलेल्या, रेडिएटरवर किडे चिकटलेल्या ट्रकपाशी मात्र थांबतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘चढावर किती तापला?’

आता एक मजेशीर भाग. अमेरिकेतल्या प्रदर्शनात सर्वात जास्त घोळका कुठल्या ट्रकभोवती असतो? लांब नाकाचे पीटरबिल्ट आणि केनवर्थ तर देखणे असतातच. पण जुने ड्रायव्हर जमतात ते चपट्या तोंडाच्या ट्रकपाशी, म्हणजे ज्यात केबिन थेट इंजिनाच्या डोक्यावर बसवलेली असते त्याच्यापाशी. याला कारण कायदा. एके काळी तिथल्या राज्यांनी ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा घातली होती. कित्येक राज्यांत ती ५५ फुटांच्या आसपास होती. नाक लांब ठेवलं की माल कमी बसणार. म्हणून मालकांनी नाक कापलं आणि ड्रायव्हरला इंजिनावर बसवलं. खाली गरमी, समोरचं चाक बुडाखाली, प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. दुरुस्तीसाठी केबिन पुढे कलती करायची, तर आतला डबा, चपला, हिशेबाच्या वह्या, सगळं समोरच्या काचेवर येऊन आदळायचं. मग १९८२ साली केंद्रीय कायदा आला. महामार्गांवर ट्रक-ट्रेलरच्या एकूण लांबीवर राज्यांना मर्यादा घालता येईना. फक्त ट्रेलरची लांबी मोजायची, आणि तिथेही किमान ४८ फुटांच्या ट्रेलरला वाट द्यावीच लागे. नाक फुकट झालं! पुढच्या काही वर्षांत चपट्या तोंडाचे ट्रक तिथल्या रस्त्यांवरून हटले. ते इतके नावडते होते की जपून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आज ते दुर्मीळ आहेत ते यामुळेच. ज्यांनी त्यांना वीस वर्षं शिव्या दिल्या, तेच आता त्यांच्या पायरीवर चढून फोटो काढतात.

युरोपात गोष्ट बरोबर उलटी. तिथे ट्रक-ट्रेलर मिळून एकूण लांबी अजूनही मोजतात, सर्वसाधारण मर्यादा साडेसोळा मीटर. म्हणून तिथे रोजचा ट्रक चपट्या तोंडाचा आणि कौतुक लांब नाकाचं. स्कॅनियानं नाकवाला ‘टी’ ट्रक २००५ साली बंद केला, आणि तेव्हापासून स्वीडन, नेदरलँड्समधल्या हौशी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. यंत्र तेच; एका खंडात शिक्षा, दुसऱ्यात चैन. आवडीनिवडी मनातून उगवतात असं आपण समजतो, पण त्यांच्या मुळाशी कधीकधी वाहतूक खात्याचा एखादा नियम निघतो.

कायद्याचीच आणखी एक खूण ट्रकच्या दारावर असते. अमेरिकेत १९३५ पासून मालवाहतुकीवर सरकारी नियंत्रण होतं. कुठल्या मार्गावर कुठला माल न्यायचा, याचे परवाने असत. परवाना हीच कंपनीची खरी इस्टेट. १९८० साली हे नियंत्रण सैल केलं, नवे लोक धंद्यात उतरले, दर पडले, आणि अनेक जुन्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या. कन्सॉलिडेटेड फ्रेटवेज हे त्यातलं मोठं नाव. या कंपनीला हवे तसे हलके ट्रक बाजारात मिळेनात, म्हणून तिनं स्वतःच बनवायला घेतले आणि त्यातून फ्रेटलायनर हा कारखाना उभा राहिला. कारखाना आजही आहे, पण मूळ वाहतूक कंपनी २००२ साली बंद पडली. अशा कंपन्यांची नावं, त्यांच्या रंगांच्या पट्ट्या, दारावरची सावली दिलेली अक्षरं आज कुठे दिसतात? हौशी लोकांनी उभ्या केलेल्या ट्रकांवर. एखादा माणूस चार-पाच वर्षं खपून ट्रक उभा करतो आणि त्यावर स्वतःचं नाव न घालता वडिलांच्या बुडालेल्या मालकाचं नाव रंगवून घेतो. तेही हातानं अक्षर काढणाऱ्या पेंटरकडून. चिकटपट्टीची छापील अक्षरं लावली तर मेळाव्यातली म्हातारी मंडळी लगेच ओळखतात आणि सांगूनही टाकतात. मला या हट्टाचं फार कौतुक आहे.

पण मी म्हटलं ती विद्या सर्वात जास्त दिसते गिअरमध्ये. जुन्या मॅक ट्रकांत गिअरचे दोन दांडे असत, एक मुख्य गिअरपेटीचा आणि एक तिला जोडलेल्या दुसऱ्या पेटीचा, म्हणजे जोडपेटीचा. मुख्य पेटीत पाच आणि जोडपेटीत चार असले की झाले वीस वेग. काही बदलांच्या वेळी दोन्ही दांडे जवळजवळ एकदमच हलवावे लागत. मग स्टिअरिंग कोण धरणार? तर ड्रायव्हर डावा हात स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून आत घालून एक दांडा पकडायचा, उजव्यानं दुसरा, आणि चाक कोपरानं सांभाळायचा. वळणावर हे करू नये, एवढी अक्कल बहुतेकांना होती. शिवाय पेटीतली चक्रं आपोआप जुळणारी नव्हती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग अंदाजानं जुळवा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर घाला. अंदाज चुकला तर पेटी किंचाळते, आणि उतारावर चुकला तर ट्रक मोकळा सुटतो. पुस्तकात याला एक परिच्छेद पुरतो. शिकायला मात्र शेजारी बसलेला कुणीतरी लागतो, जो म्हणेल, ‘आता. नाही, उशीर झाला. थांब. आता.’

उतारावरून आठवलं. क्लेसी कमिन्स हे डिझेल इंजिनातलं मोठं नाव. १९३१ साली ते आपलं डिझेल इंजिन बसवलेला ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे विक्रमी दौडीवर निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन घाटात उतरताना ब्रेक निकामी झाले. खाली रेल्वेचं फाटक, त्यावरून जात असलेली मालगाडी. थोडक्यात वाचले. तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी इंजिनाचाच ब्रेक करण्याची युक्ती काढली: पिस्टननं हवा दाबून वर नेली की नेमक्या क्षणी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायचा आणि ती दाबलेली हवा बाहेर सोडून द्यायची. हवा दाबायला खर्च झालेली ताकद पिस्टनला परत मिळतच नाही, आणि इंजिन चाकांना ओढून धरतं. जेकब्स कंपनीनं १९६१ पासून हा ब्रेक बाजारात आणला. त्याचा तो फडफडाट इतका मोठा की तिथल्या अनेक गावांच्या वेशीवर तो वापरू नये अशा पाट्या आहेत. मेळाव्यात अर्थातच पाट्या नसतात.

आवाजाची आवड हा स्वतंत्र विषय आहे. डेट्रॉइट डिझेल या अमेरिकी कंपनीची ७१ ही इंजिनमालिका १९३८ची. त्यातला आकडा प्रत्येक सिलिंडरच्या घनइंचांचा. ही दोन-स्ट्रोक इंजिनं. चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा स्फोट दर दोन फेऱ्यांनी होतो, यात दर फेरीला. त्यामुळे इंजिन आहे त्याच्या दुप्पट वेगानं फिरतंय असं कानाला वाटतं. ताकद मिळायची तीही वरच्या वेगातच. जुने ड्रायव्हर विनोदानं सांगत, की हे इंजिन चालवायचं तर आधी दारात स्वतःची बोटं चेमटून घ्यावीत, म्हणजे रागारागात ॲक्सिलरेटर नीट दाबला जातो. तेल पिणारं, तेल गाळणारं, धूर ओकणारं हे यंत्र. पण ते सुरू झालं की मैदानभर गप्पा थांबतात. डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सहा सिलिंडर की आठ हे सांगणारे लोक तिथे भेटतात, आणि ते बढाई मारत नसतात.

एक गोष्ट मात्र मोठ्यानं सांगायला हवी, कारण हौशी लोक इथे जिवाला मुकू शकतात. जुन्या ट्रकांच्या रिमा अनेक तुकड्यांच्या असतात. टायर जागेवर धरायला एक पोलादी कडी बसवलेली असते. ती गंजली असेल किंवा नीट बसली नसेल, तर हवा भरताना तोफेसारखी उडते. अमेरिकेत १९८० साली याबद्दल कामगार-सुरक्षेचा खास नियम झाला: चाक पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, आणि भरणाऱ्यानं लांब नळीच्या टोकाशी, बाजूला उभं राहायचं. झुडपातून ओढून काढलेल्या ट्रकच्या चाकात उत्साहानं हवा भरायला जाऊ नका. आधी मेळाव्यातला एखादा जुना टायरवाला गाठा.

सजावटीवरून या लोकांत जी भांडणं होतात, ती मी रस घेऊन ऐकतो. एक पंथ म्हणतो, ट्रक कारखान्यातून निघाला तसाच हवा. दुसऱ्याला क्रोम हवं, लांब सरळ धुराडी हवीत, कडेनं पिवळ्या दिव्यांच्या रांगा हव्यात. आयोवातल्या वॉलकॉट गावी एका अवाढव्य ट्रक-थांब्यावर दरवर्षी मेळावा भरतो, तिथे सजवलेल्या ट्रकांची चक्क सौंदर्यस्पर्धा असते. जपानमधले देकोतोरा, म्हणजे तिथले सजवलेले ट्रक, तर त्याहून पुढचे. मासळी वाहणाऱ्या ड्रायव्हरांपासून ती हौस पसरली आणि सत्तरच्या दशकातल्या एका लोकप्रिय चित्रपटमालिकेनं तिला देशभर नेलं. रात्री असा ट्रक उजळला की खाली चाकं आहेत हे विसरायला होतं. तिसरा पंथ म्हणतो, पोचे, झिजलेला रंग, आसनाची फाटकी कड, काहीही पुसू नका. ती ट्रकची सेवापुस्तिका आहे. मी या तिसऱ्यांच्या बाजूचा. पण हल्ली काहीजण नव्या रंगावर रसायन मारून खोटा गंज चढवतात, तो मला अजिबात सोसत नाही. त्यापेक्षा क्रोम परवडलं. ते निदान आपण क्रोम असल्याचं लपवत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि इथे या मंडळींचं अजून एकमत नाही. आतापर्यंत मी ज्या ट्रकांबद्दल बोललो, ते लोखंड, रबर आणि तेल यांचे. बुश झिजलं तर लेथवर नवं करता येतं. पण १९८७ साली डेट्रॉइट डिझेलची सिरीज ६० आली आणि इंधन किती, केव्हा सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवू लागला. पुढे सगळ्यांनीच तो मार्ग धरला. ते ट्रकही आता म्हातारे होत आले आहेत. त्यांचा मेंदू बिघडला तर लेथ काय करणार? त्याशी बोलणारं सॉफ्टवेअर जुन्या संगणकांवर, जुन्या केबलांवर अडकलंय. काहीजण सरळ तो मेंदू काढून जुनं यांत्रिक इंजिन बसवतात. मला हा पराभव वाटतो, कारण त्या ट्रकच्या काळाचं खरं काम तोच मेंदू करत होता. दुसरीकडे काही पोरं जुने लॅपटॉप गोळा करतात, सर्किटांवरचे सुकलेले कपॅसिटर बदलतात, नादुरुस्त मेंदूंचे सुटे भाग बरण्यांत भरून मेळाव्याला आणतात. त्यांच्या टेबलापाशी अजून फारसं कुणी थांबत नाही. दोन दांड्यांच्या गिअरवाले म्हातारे त्यांना ‘टीव्ही दुरुस्त करणारे’ म्हणून चिडवतात. पुढच्या मेळाव्याला गेलात तर आधी त्या टेबलाकडे जा, आणि जमलं तर एखाद्या म्हाताऱ्यालाही दंडाला धरून तिकडे न्या.