गिगिरीची इमारत रत्नागिरीत बांधायची तर

(दृश्य : नैरोबीचं गिगिरी. झाडीत चार जोडइमारती, छतभर सौर पॅनल.)

केनियाच्या राजधानीत, गिगिरी भागात, संयुक्त राष्ट्रांचं सुमारे १४० एकरांचं संकुल आहे. पर्यावरण कार्यक्रम आणि मानवी वस्ती कार्यक्रम, दोघांची मुख्यालयं इथेच. त्यांच्यासाठी २०११ साली ही इमारत उभी राहिली, साधारण १,२०० माणसांची. सर्व्हरच्या खोल्या सोडल्या तर एसी नाही. मधल्या चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि खिडक्यांतून गार हवा आत येते. नैरोबी सतराशे मीटर उंचीवर, रात्री स्वेटर लागणारी, म्हणून हे जमतं.

(दृश्य : रत्नागिरी, मे महिन्यातली दुपार.)

तोच चौक इथे बांधला तर गरम हवा वर जाईल खरी, पण तिच्या जागी येणारी हवाही तितकीच उबट आणि दमट. घाम वाळणार नाही. इथे चौकापेक्षा आरपार वारा महत्त्वाचा. समोरासमोर खिडक्या हव्यात, पश्चिमेला खोल पडवी हवी आणि पंखे तर हवेतच. फाइलींचं कपाट भिंतीपासून चार बोटं तरी लांब ठेवावं. चिकटवलं की श्रावणात पाठीमागे बुरशी धरते.

(दृश्य : पागोळ्या. पन्हळीत अडकलेली फणसाची पानं.)

गिगिरीत छतावरचं पाणी दारापुढच्या कारंज्यांत आणि तळ्यांत जातं. सांडपाणी शुद्ध करून बागेला घालतात. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यामुळे शंभर चौरस मीटर छतावरून, गळती-सांड धरूनही, दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी मिळतं. अडचण साठवणीची, कारण बहुतेक सगळं चार महिन्यांत पडतं आणि टंचाई एप्रिल-मेची. टाकी लहान असेल तर जुलैतच भरून वाहू लागते. पहिल्या पावसाचं निदान दोनशे लिटर पाणी बाहेर सोडावं, त्यात पाखरांची विष्ठा आणि शेवाळ असतं. पन्हळीच्या तोंडाशी जाळी हवीच. ती विसरली की पाणी उलटं भिंतीत शिरतं.

(दृश्य : पॅनलचा क्लॅम्प, जवळून. गंजाचा लाल ओघळ.)

गिगिरीत छतावर सहा हजार चौरस मीटर पॅनल बसवून ५१५ किलोवॉट क्षमता मिळवली. आजच्या पॅनलना त्याच्या निम्मीही जागा लागत नाही. विषुववृत्ताजवळ पॅनल जवळपास आडवे चालतात, रत्नागिरीत दक्षिणेकडे साधारण १७ अंश कलते लागतात. पण इथला खरा शत्रू खारा वारा. ॲल्युमिनियमच्या चौकटीला साधा लोखंडी बोल्ट लावला तर जोड कुरतडला जातो. ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्यावं, ३०४ नव्हे. पॅनल खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीत उतरलेलं असावं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. असा वारा पॅनलच्या खालून शिरतो आणि वर उचलतो, म्हणून पाये स्लॅबच्या सळयांत बांधलेले हवेत, नुसते वर ठेवलेले ठोकळे नकोत.

(दृश्य : सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा. सळईखाली तिला उचलून धरणारा कव्हर ब्लॉक.)

सळईवर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा थर, किती? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्याच्या हवेत ४५ मिलिमीटर, लाटांचा फवारा उडतो तिथे ५०. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकऐवजी दगडाची चिप सरकवतात, आणि माणसं वरून चालली की ती निसटते. मग सळई खाली बसते, मीठ तिच्यापर्यंत पोचतं, गंज फुगतो आणि छताचे पोपडे टेबलावर पडू लागतात. ओतकामाआधी टेप घेऊन सळयांखालचं अंतर मोजायला दहा मिनिटं लागतात.