माइती म्हणजे माहेर

(दृश्य: कामाठीपुरा, सकाळची वेळ. अर्धी उघडलेली शटरं, नळावरच्या कळश्या.)

निवेदन:
ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या लागतात. इथल्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. पहिली गल्ली, सहावी गल्ली, अकरावी गल्ली.

फेब्रुवारी १९९६. मुंबईतल्या कुंटणखान्यांवर पोलिसांच्या धाडी पडल्या आणि सुमारे पाचशे मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांतल्या दोनशेच्या आसपास नेपाळच्या होत्या. गाड्या भरभरून त्यांना सरकारी वसतिगृहांत नेलं. आणि मग प्रश्न उभा राहिला: आता यांना पोचवायचं कुठं?

नेपाळ सरकार त्यांना घ्यायला तयार होईना. अडलं ते कागदावर. या नेपाळच्याच, याला पुरावा काय? जन्माचा दाखला नाही, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नाही. म्हणजे गुंगीचं औषध पाजून जिला सीमेपार नेलं, तिनं निघताना दाखला पदराला बांधून घ्यायला हवा होता! नेपाळमध्ये हे प्रमाणपत्र मिळतं वयाच्या सोळाव्या वर्षी. त्या काळी तर मुलीला ते बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावरच मिळायचं. काठमांडूत दुसरी कुजबुजही होती: या मुली एड्स घेऊन येतील.

नेपाळी भाषेत एक शब्द आहे, माइती. लग्न झालेल्या बाईचं माइती म्हणजे आपल्याकडचं माहेर. त्या दोनशे जणींना कुणी सासरी धाडलं नव्हतं, विकलं होतं. आणि माहेर म्हणत होतं, ही आमची कशावरून?

(दृश्य: वसतिगृहाची उंच भिंत, खिडकीचे गज.)

फेब्रुवारी गेला, मार्च गेला, पावसाळा लागला. मुली मुंबईतच. अखेर जुलैमध्ये नेपाळमधल्या सात स्वयंसेवी संस्थांनी मिळून १२८ जणींना परत नेलं. दोन सरकारांनी करायचं काम सात संस्थांनी केलं, हे इथं नोंदवून ठेवायला हवं.

नेपाळच्या डोंगरातून सीमेवरचं सुनौली, तिथून गोरखपूर, गोरखपूरहून मुंबईची रेल्वे. दलालाला हा प्रवास करायला तीन-चार दिवस पुरतात. सोडवलेल्या मुलीला तोच रस्ता उलटा चालायला पाच महिने लागले. 

(दृश्य: सिंधुपाल्चोकचे डोंगरउतार, पायऱ्यापायऱ्यांची शेतं.)

परतलेल्यांत सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली एक मुलगी होती, चरिमाया तामाङ. सोळाव्या वर्षी तिला विकलं होतं आणि तिनं २२ महिने कुंटणखान्यात काढले होते. गावाकडे परतल्यावर ती तोंड लपवून बसली नाही. तिनं स्वतः तक्रार गुदरली, आपल्याला विकणाऱ्यांवर. नेपाळमध्ये असं करणारी ती पहिलीच मानली जाते. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयानं तिच्या खटल्यात आठ जणांना दोषी ठरवलं.

मुंबईहून परतलेल्या या मुलींनीच पुढं शक्ती समूह नावाची संघटना काढली. तिची रीतसर नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. २०१३ मध्ये याच संघटनेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांच्याकडे देशानं पुरावा मागितला होता, त्यांच्या संघटनेचं नाव त्या देशासह जगानं घेतलं.

(दृश्य: जुने नकाशे, त्यावर सरकणारी रेघ.)

भारत आणि नेपाळमधली सीमा १,७५१ किलोमीटरची. १९५० च्या मैत्री करारापासून तिथं व्हिसा लागत नाही. कामाधंद्याला, लग्नाकार्याला माणसं सहज येतात-जातात, आणि ते चांगलंच आहे. पण कायदा या बाजूला एक, त्या बाजूला दुसरा. मुंबईतल्या पोलीस ठाण्याची हद्द सुनौलीच्या कितीतरी आधी संपते. मुलगी मुंबईत, तिला विकणारा मामा नेपाळच्या गावात, मधला दलाल गोरखपुरात. तिघं तीन ठिकाणी, आणि फौजदाराच्या हातात एकच फाईल.

मानवी तस्करी म्हणजे नेमकं काय, याची साऱ्या देशांना चालेल अशी व्याख्या तेव्हा नव्हती. ती नोव्हेंबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये आली. धाक, फसवणूक किंवा असहायतेचा फायदा घेऊन, शोषणासाठी माणसाला मिळवणं, नेणं, ठेवून घेणं म्हणजे तस्करी. फसवून घेतलेल्या होकाराला किंमत नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत तर फसवणूक झाली का, हेसुद्धा सिद्ध करावं लागत नाही. भारतानं या कराराला २०११ मध्ये मान्यता दिली, बांगलादेशानं २०१९ मध्ये, नेपाळनं २०२० मध्ये. शेजार एकच, पण तिघं एका व्याख्येवर यायला वीस वर्षं गेली. मध्ये २००२ साली सार्क देशांनीही काठमांडूत एक करार केला, पण तो फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या तस्करीपुरता. वीटभट्टी, घरकाम, कारखाना त्यात बसतच नव्हते.

(दृश्य: महाराष्ट्रातलं एक जिल्हा पोलीस कार्यालय. दारावर पाटी: अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष.)

पुण्याच्या बुधवार पेठेत, भिवंडीत धाड पडते तेव्हा सुटलेल्यांत बांगलादेशच्या मुलीही सापडतात. धाडीनंतर काय होतं ते बघा. पोलीस विचारतात, गाव कुठलं? मुलगी म्हणते, कोलकाता. घरवालीनं, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीनं, पढवून ठेवलेलं असतं ते. खरं गाव तिच्या ओठांवर यायला कधी आठवडे जातात, आणि ते येतं समुपदेशक बाईंसमोर, फौजदारासमोर नव्हे. ती अठराच्या आतली असेल तर बालकल्याण समितीपुढे जाते, मोठी असेल तर देहव्यापारविरोधी पिटा कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. मग गावाचं नाव, बापाचं नाव, जवळच्या शाळेचं नाव असं सारं उच्चायुक्तालयामार्फत बांगलादेशात जातं. तिथले पोलीस गावात जाऊन घर शोधतात. याला गृहचौकशी म्हणतात. गावाच्या नावात एक अक्षर चुकलं तरी कागद परत. घर सापडलं की प्रवासाचा परवाना निघतो, गृह खात्याची मंजुरी लागते, सोबत जायला महिला पोलीस मिळाव्या लागतात.

यातला एक जरी दुवा निसटला, तरी मुलगी सुधारगृहात बसून राहते. अशी वर्षं काढलेल्या मुली आहेत. त्यांना विचारलं तर त्या हा काळ सुटकेत धरत नाहीत.

पूर्वी आणखी एक फेरा होता. पासपोर्ट नाही म्हणून तिच्यावरच परदेशी नागरिक कायद्याखाली गुन्हा लागायचा. विकली गेलेली मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात. मे २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं की अशी स्त्री किंवा मूल तस्करीचा बळी असेल, तर त्यांच्यावर खटला चालवू नये. जून २०१५ मध्ये ढाक्यात भारत आणि बांगलादेशाचा सामंजस्य करार झाला: सुटका, घरवापसी, पुनर्वसन, आणि दोन्हीकडच्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती देणं.

तरी एक गाठ उरतेच. मुलगी घरी गेली की इथल्या खटल्यात साक्ष कोण देणार? साक्ष नाही तर घरवाली सुटते. म्हणून साक्षीसाठी मुलीलाच अडकवून ठेवायचं? याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून आलं, आणि गंमत म्हणजे त्याचा तस्करीशी काही संबंध नव्हता. वैद्यकीय निष्काळजीच्या प्रकरणात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष हवी होती. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्हिडिओवर साक्ष घ्यायला मुभा दिली. तीच वाट आता घरी पोचलेल्या मुलीलाही मोकळी आहे. पलीकडच्या गावातून ती पडद्यावर येऊन बोट दाखवू शकते.

(दृश्य: भारत-बांगलादेश सीमेवरचं पेट्रापोलचं फाटक. दोन गणवेश, मधे पांढरी रेघ.)

पेट्रापोल इकडचं, बेनापोल तिकडचं. बीएसएफचा अधिकारी यादी वाचतो, बांगलादेशच्या सीमा दलाचा, बीजीबीचा, अधिकारी ती पडताळतो. दोन्हीकडच्या संस्थांच्या कार्यकर्त्या मधे उभ्या. मुलींच्या हातात एकेक पिशवी असते. सह्या व्हायला वेळ लागतो. रेघ ओलांडायला तीन पावलं.

(दृश्य: थायलंड-म्यानमार सीमेवरची मोई नदी, पलीकडे उंच कुंपणाच्या इमारती.)

आता आपली मुलंही विकली जातात. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, पगार घसघशीत, तिकीट कंपनीचं. बँकॉकला उतरलं की गाडी थेट सीमेवरच्या माए सोतला, आणि रात्री नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत. पासपोर्ट काढून घेतात आणि कॉम्प्युटरसमोर बसवून लोकांना लुबाडायला लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार अशी सक्ती झालेली माणसं म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार, कंबोडियात सुमारे १ लाख. या दोन्ही देशांशी भारताचे तस्करीविरोधी करार आधीच झालेले होते: कंबोडियाशी २०१८ मध्ये, म्यानमारशी २०२० मध्ये. पण म्यावाडीत सत्ता सशस्त्र टोळ्यांची. सही करणाऱ्या सरकारचा हात तिथं पोचत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडनं सीमेपलीकडची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं, तेव्हा दारं किलकिली झाली. मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीय माए सोतहून परत आणले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या सायबर विभागानं साठहून अधिक जणांची सुटका आणि काही एजंटांची अटक जाहीर केली. विमानतळावर उतरल्यावर प्रत्येकाची कसून चौकशी झाली: तू फसलेला की फसवणारा? बुधवार पेठेतल्या मुलीला पडलेला प्रश्न आता कॉम्प्युटर शिकलेल्या पोरासमोर होता.

(दृश्य: सुनौली. सायकलरिक्षा, बस, कमानीखालून वाहणारी गर्दी.)

सुनौलीच्या कमानीपाशी, नेपाळच्या बाजूला, एक टपरीवजा खोली आहे. माइती नेपाळ ही संस्था १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या बाया अशा नाक्यांवर उभ्या असतात. त्यांतल्या काही जणी स्वतः कधीतरी याच रस्त्यानं नेल्या गेल्या होत्या.

त्या बस थांबवतात. तरुण मुलगी आणि सोबतचा माणूस यांना वेगवेगळं घेतात. दोघांना तेच प्रश्न. कुठं निघालात? मुंबईला कोण आहे? हा तुझा कोण लागतो? मामा? मामाच्या बायकोचं नाव काय?

मुलगी गप्प राहते. मग बाई तिला खोलीत बसवते, पाणी देते, आणि माणसाकडे वळते. तेव्हा तो बसच्या मागून शेताच्या वाटेला लागलेला असतो.