काचेवरचे पांढरे ठिपके

मंडळी, फिश टँकवाल्यांची तक्रार बहुधा एकच असते. नेराइट गोगलगायी आणल्या, काचेवरचं शेवाळ चकाचक झालं, पण लाकडावर, दगडांवर तिळासारखे पांढरे ठिपके उमटले. घासून जात नाहीत आणि त्यातून पिल्लंही येत नाहीत. आज त्या ठिपक्यांबद्दलच बोलू.

एकेक ठिपका म्हणजे अंड्यांची कुपी. नेराइटमध्ये नर-मादी वेगळे असतात. चरताना पोटात गेलेले वाळूचे कण आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची कवचं मादी एका पिशवीत जपून ठेवते आणि कुपीवर त्यांचाच थर चढवते. म्हणून तर तुमचा स्पंज हरतो! दुकानात मिळणाऱ्या बहुतेक जातींच्या कुपीतून पिल्लू निघत नाही, निघतात सूक्ष्म, पोहणारे डिंभक, म्हणजे पिल्लाच्या आधीची अवस्था. प्रवाहाबरोबर त्यांनी समुद्र गाठायचा, तिथं सूक्ष्म शेवाळ खाऊन वाढायचं, मग इवल्याशा शंखासकट नदीच्या मुखातून उलट्या धारेनं वर चढायचं. आपल्या टाकीतही डिंभक निघतात, पण खारं पाणी न मिळाल्यामुळे ते लवकरच मरतात.

आता आपली गोदावरी. ब्रह्मगिरीहून अरबी समुद्र तसा जवळ, पण ही बाई निघते पूर्वेला आणि जवळजवळ १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी आणि पार खाली आंध्रात आर्थर कॉटननं एकोणिसाव्या शतकात बांधलेला दौलेश्वरमचा बंधारा. एवढ्या अंतरावरून कुणी गोगलगाय रामकुंडापर्यंत चढून येईल, ही अपेक्षाच चुकीची. आपल्या नद्या-तलावांत दिसणारी बेलामिया ही गोगलगाय वेगळ्या कुळातली. ती थेट पिल्लं देते, तिला समुद्राशी देणंघेणं नाही.

नेराइट पाहायच्या तर कोकणात जा. ओहोटीच्या वेळी खडकांच्या भेगांत काळपट, जाड, गोलसर शंख दाटीनं बसलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच नेरिटा, म्हणजे समुद्रकाठच्या नेराइट. एक उचलून पालथी करा. तोंडावर दगडासारखं टणक, चुन्याचं झाकण दिसेल. त्याच्या आतल्या बाजूला एक खुंटी असते, ती स्नायूंना धरून ठेवते. आणखी गंमत शंखाच्या आत आहे. इतर गोगलगायींच्या शंखात वेढ्यांमधल्या भिंती शाबूत असतात, नेराइट त्या स्वतःच विरघळवून टाकते. आत एकसंध पोकळी होते, तिथं पाणी साठवता येतं. उन्हानं खडक तापला तरी झाकण मिटून ही आत ओली राहते. खारं, निमखारं, गोडं, तिन्ही पाण्यांत या कुळानं संसार थाटला, त्यामागे हे कवच मोठं कारण असावं, असं माझं मत.

समुद्राचा नाद पुरता सोडलेलेही आहेत. युरोपातल्या ऱ्हाईन, डॅन्यूब नद्यांमधली थिओडॉक्सस ही नेराइट घ्या. तिच्या कुपीत अंडी अनेक, पण गोड्या पाण्यात सहसा एकच पिल्लू बाकीची अंडी खाऊन वाढतं आणि थेट शंखासकट बाहेर येतं. निर्दय वाटेल, पण हिशेब चोख.

उलट हवाई बेटांवरची हिहिवाई ही नेराइट. ती ओढ्यांतून धबधबेही चढते, लोक ती आवडीनं खातात. उसाच्या मळ्यांसाठी तिथले ओढे वळवले आणि तिची वाट तुटली. ऊस आणि पाटाचं पाणी हे प्रकरण निफाडकरांना मी काय समजावू!

मघाशी कुणीतरी विचारलं, घरी पिल्लं काढता येतील का? खाऱ्या पाण्याची वेगळी टाकी, डिंभकांना पुरेल असं जिवंत सूक्ष्म शेवाळ आणि भरपूर चिकाटी असेल तर प्रयत्न करा, तरी बहुतेकांना यश येत नाही. एरवी जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडा. माशांच्या आजारावर तांबं असलेलं औषध घालणार असाल तर आधी गोगलगायी बाहेर काढा, तांबं त्यांना मारतं. आणि कंटाळा आला म्हणून गोदावरीत सोडू नका, दुकानात परत द्या.